अंधारातलं नाटक आणि खिशातला कॅमेरा: पुण्यातल्या एका नाट्यगटाच्या खरेदीचं प्रकरण

पुण्यातला एक छोटा नाट्यगट. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी एकत्र आलेली मुलं आता नोकऱ्या सांभाळून प्रायोगिक नाटक करतात. नवा दीर्घांक पंचावन्न मिनिटांचा, मध्यंतर नाही. प्रयोग कधी शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर, कधी ज्योत्स्ना भोळे सभागृहात, तारीख मिळाली तर भरत नाट्य मंदिरात. तारखा, तिकिटं, टेम्पो, चहा, असं सगळं व्यवस्थापन माझी भाची बघते. आता त्यात कॅमेऱ्याची भर पडली होती.

गरज दुहेरी होती. पोस्टरला, वर्तमानपत्रांना आणि इन्स्टाग्रामला चालतील असे फोटो हवेत. शिवाय पूर्ण प्रयोगाचं चित्रीकरण हवं, कारण बऱ्याच महोत्सवांना प्रवेशिकेसोबत व्हिडिओ लागतो, आणि दिग्दर्शकालाही आपलं काम प्रेक्षकातून बघायला दुसरा मार्ग नसतो. बजेट ₹६०,०००, त्यातच कार्ड, बॅटऱ्या आणि ट्रायपॉड. कॅमेरा सॅकच्या पुढच्या कप्प्यात मावावा, स्कूटरवरून नेता यावा आणि गटातल्या कोणाच्याही हातात दिला तरी काम व्हावं, अशा अटी.

मी बरीच वर्षं नाटकांचे फोटो काढते, म्हणून तिने यादी मला पाठवली. सोनी आरएक्स१०० मार्क ७, सोनी झेडव्ही-१, कॅनन जी७एक्स मार्क ३, पॅनासॉनिक एलएक्स१०० मार्क २, रिको जीआर ३ आणि एक भरपूर झूमवाला कॅमेरा. खाली एकच ओळ: "मावशी, यातला अंधारात सगळ्यात भारी कुठला ते सांग, आम्ही तोच घेतो."

असं सरसकट सांगता येत नाही. पर्वतीवरून रात्रीचं शहर टिपायचं असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर दहा सेकंद उघडं ठेवता येतं, तिथे साधा कॅमेराही छान काम करतो. रंगमंचावर नट गर्रकन वळतो, हात उचलतो, मान टाकतो. तिथे शटर सेकंदाच्या १२५व्या भागाच्या आसपास ठेवलं नाही तर हाताच्या जागी धूसर फराटा येतो. म्हणून यादी बाजूला ठेवायला सांगितली आणि आधी त्यांच्या नाटकातला उजेड मोजायचा ठरवला. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेलं काम हेच, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

उजेडाची मोजणी

तालमीत मोजून उपयोग नव्हता. तालमी शाळेच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली चालतात. मोजणी केली ती रंगीत तालमीला, प्रकाशयोजना पूर्ण लागल्यावर.

लाइटमीटर लागत नाही. बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात प्रो किंवा मॅन्युअल मोड असतो. मुख्य लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, बहुधा पक्कं असतं, तिच्या फोनचं एफ १.८ होतं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं). शटर १/६० वर ठेवायचं, नटाच्या चेहऱ्याची उजळ बाजू नीट दिसेपर्यंत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवायचा आणि तो आकडा संहितेच्या समासात, त्या प्रवेशासमोर लिहायचा. लक्ष चेहऱ्यावरच ठेवायचं. चौकटीचा बहुतेक भाग काळा पडदा असतो, आणि कॅमेऱ्याच्या आपोआप मोजणीवर सोडलं तर तो त्या पडद्याला उजळ करायच्या नादात चेहरा पांढराफटक करून ठेवतो.

बैठकीच्या खोलीतल्या उजळ प्रवेशाला आयएसओ ३२० आला. शेवटाकडच्या एका प्रवेशात एकाच बाजूने मंद केलेला पिवळा झोत येतो, तिथे २५००. म्हणजे दोन्हींच्या उजेडात आठ पटींचा फरक. बसल्या जागी तो कधीच एवढा वाटत नाही, कारण डोळे सरावतात. प्रकाशयोजना करणारा मुलगाही आकडा ऐकून डिमरकडे बघत राहिला. तिसरा एक प्रवेश फक्त कंदिलावर आहे. तिथे फोनचा आयएसओ संपला तरी चेहरा काळाच राहिला. त्याचं पुढे सांगते.

या दोन आकड्यांवरून पुढचा सगळा हिशोब मांडता आला. फोटोसाठी शटर १/१२५ हवं, म्हणजे येणारा उजेड निम्मा आणि आयएसओ दुप्पट: उजळ प्रवेशाला साधारण ६४०, मंद प्रवेशाला ५०००. हे झालं एफ १.८ चं. लेन्स एफ २.८ पर्यंतच उघडत असेल तर उजेड अडीच पटींनी घटतो, मग आकडे १६०० आणि १२,००० होतात. एफ ४.५ ला तो आणखी अडीच पटींनी घटतो, आणि मंद प्रवेशाला आयएसओ ३०,००० च्या वर जातो.

व्हिडिओचं गणित थोडं सुसह्य. सेकंदाला २५ चौकटी घ्यायच्या तर शटर १/५० ठेवतात. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर चालणारा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणून १/५० किंवा १/१०० ला चित्रात पट्टे फिरत नाहीत. सेटिंग सेकंदाला ३० चौकटी आणि १/६० वर राहिलं असेल तर शाळेच्या हॉलमधली तालीमही लुकलुकते. १/५० ला मंद प्रवेशाचा आयएसओ एफ १.८ वर २०००, एफ २.८ वर ५००० आणि एफ ४.५ वर १३,००० च्या आसपास येतो.

खिशात मावणाऱ्या चांगल्या कॅमेऱ्यांमध्ये एक इंची म्हणतात तो सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, असतो. प्रत्यक्षात तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा. माझ्या नजरेला या आकाराचा सेन्सर आयएसओ १६०० पर्यंत पोस्टरला चालतो, ३२०० ला वर्तमानपत्राला, ६४०० ला फोनच्या पडद्यावर. त्यापुढचं फक्त नोंद म्हणून ठेवायचं. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घेऊन संगणकावर नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, काढली तर एखादी पायरी वर सरकता येतं.

यादी कशी छाटली

दुसरी मोजणी अंतराची. भाचीला वाटत होतं झूम जितका जास्त तितकं बरं. पण रंगीत तालमीला आपण पहिल्या रांगेत बसतो. झूमचा आकडा मिलिमीटरमध्ये सांगतात, लहान आकड्याला चौकट रुंद, मोठ्याला जवळची. नट चार मीटरवर असेल तर २४ मिलिमीटरला सहा मीटर रुंदीचा रंगमंच चौकटीत येतो आणि ७० मिलिमीटरला दोन मीटर. कॅमेरा उभा धरला तर त्यात एक माणूस नखशिखान्त मावतो, आडवा धरला तर साधारण गुडघ्यापासून वर. चित्रीकरण मागून करायचं, समजा पंधरा मीटरवरून, तर ७० ला साडेसात मीटरहून थोडी जास्त रुंदी येते, म्हणजे जवळजवळ पूर्ण रंगमंच. त्यांच्या गरजेला २४ ते ७० पुरेसं होतं. तेव्हा बघायचं इतकंच की ७० ला पोचल्यावर लेन्स किती उघडी राहते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो सुरुवातीचा एफ आकडा. अंधारात फोटो काढणाऱ्याने त्याच्या शेजारचा दुसरा आकडा आधी वाचावा.

भरपूर झूमवाला कॅमेरा तिथेच गेला. अशा कॅमेऱ्यांचा सेन्सर बहुतेक वेळा एक इंचीच्या चौथ्या हिश्शाचा असतो आणि झूम केल्यावर लेन्स फारच मिटते.

आरएक्स१०० मार्क ७ बाहेर काढल्यावर मात्र भाची हळहळली. २०१९ चा कॅमेरा, फोकस अतिशय चपळ, झूम २०० पर्यंत. पण लेन्स एफ २.८ ने सुरू होऊन ४.५ वर संपते. याच मालिकेतला २०१४ चा मार्क ३ एफ १.८ ने सुरू होतो आणि ७० ला २.८ वर थांबतो. दिवसाउजेडी सहलीला मार्क ७ घ्यावा, यात वाद नाही. या नाटकाच्या मंद प्रवेशाला मात्र पाच वर्षं जुना भाऊ अधिक उजेड आत घेतो. शिवाय मार्क ७ बजेटमध्ये बसतच नव्हता.

रिको जीआर ३ चा मला स्वतःला मोह आहे. खिशात मावतो आणि सेन्सर एपीएस-सी, म्हणजे एक इंचीच्या तिपटीहून थोडा मोठा. पण लेन्स एफ २.८. सेन्सरने तिप्पट कमावलेलं आणि लेन्सने अडीचपट घालवलेलं, वजाबाकी केली की एफ १.८ च्या एक इंची कॅमेऱ्यावर त्याची आघाडी फार उरत नाही. त्यात लेन्स २८ मिलिमीटरला पक्की, एकट्या नटाचा फोटो हवा तर कापून घ्यावा लागणार. आणि व्हिडिओ हे त्या कॅमेऱ्याचं बळ नाही. सेन्सर मोठा म्हणजे अंधारात चांगला, हे अर्धंच खरं आहे. सेन्सर आणि लेन्स दोन्ही मिळून हिशोब करावा लागतो.

एलएक्स१०० मार्क २ कागदावर सगळ्यांत बरा दिसत होता. सेन्सर फोर थर्ड्स, त्याचा काही भागच वापरला जातो तरी एक इंचीपेक्षा मोठा. लेन्स एफ १.७ ते २.८, झूम ७५ पर्यंत, अंगचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. जाड आहे, पण सॅकच्या कप्प्यात गेला असता. पुण्यात चांगल्या स्थितीतला वापरलेला मिळाला नाही. मिळाला असता तर मी त्यालाच कौल दिला असता.

जी७एक्स मार्क ३ ची लेन्स १०० मिलिमीटरलाही एफ २.८ राहते, फोटोच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट. पण गेल्या काही वर्षांत तरुण मुलांमध्ये त्याची अशी लाट आली आहे की वापरलेलाही स्वस्तात सुटत नाही. झेडव्ही-१ मध्ये सेन्सर आणि लेन्स दोन्ही उत्तम, माइक जोडायची सोय आहे, फोकस वेगवान. या दोघांना व्ह्यूफाइंडर मात्र नाही. हे कलम भाचीला किरकोळ वाटलं होतं, पुढे त्यानेच निकाल लावला.

दोन पर्याय यादीत नव्हते, तरी तपासणं भाग होतं. एक, गटातल्या एका मुलाचा महागडा फोन. फोनचा नाइट मोड बऱ्याच चौकटी घेऊन एकावर एक बसवतो. स्थिर नेपथ्यावर तो खरंच कमाल करतो, नट हलला की चेहरा पुसट होतो किंवा मेणाचा दिसतो. अंधार झाला की बरेच फोन टेलिफोटो लेन्स सोडून मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात, हेही त्या रंगीत तालमीत दिसलं. दुसरा पर्याय, त्याच पैशात वापरलेला मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, आणि ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स. मी तिला स्पष्ट सांगितलं की निव्वळ फोटोच काढायचे असतील तर हाच घे. एपीएस-सी सेन्सरवर ही लेन्स, ७० ला एफ २.८ असलेल्या एक इंची कॅमेऱ्याच्या सातपटीहून जास्त उजेड गोळा करते. पण पूर्ण रंगमंचाला दुसरी लेन्स लागणार, आणि शांत प्रवेशात पहिल्या रांगेतून यांत्रिक शटरचा खटका ऐकू जातो. छोट्या कॅमेऱ्यात पाकळ्यांचं शटर लेन्सच्या आतच असतं, त्याचा आवाज जवळजवळ येत नाही. ते जवळपास पूर्ण चौकट एकदम उघडतं, त्यामुळे एलईडी पार दिव्यांखाली फोटोत पट्टे येण्याची भीतीही बरीच कमी होते.

पंचावन्न मिनिटं

छोट्या कॅमेऱ्याची खरी परीक्षा सलग चित्रीकरणात होते. अडचणी तीन: वेळेची मर्यादा, उष्णता, बॅटरी.

जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एक फाइल २९ मिनिटांच्या पुढे जात नाही. यामागे युरोपातला आयात कर होता. अर्धा तास किंवा जास्त सलग चित्रीकरण करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरलं जायचं आणि त्यावर कर वेगळा लागायचा, म्हणून कंपन्या आधीच थांबत. ४के ला मर्यादा त्याहून कडक. जी७एक्स मार्क ३ मध्ये ती दहा मिनिटांच्या आत आहे. एवढ्याशा धातूच्या डबीत उष्णता जायला वाट नसते.

म्हणून ४के चा हट्ट सोडायला लावला. निवड समितीतली माणसं लॅपटॉपवर बघणार, त्यांना फुल एचडी पुरतं. ५० मेगाबिटच्या फुल एचडीला तासाला साडेबावीस जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या एका कार्डात दोन प्रयोग. कॅमेराही कमी तापतो.

वेळेच्या मर्यादेवर तोडगा भाचीनेच काढला. संहितेत सत्ताविसाव्या मिनिटाच्या सुमारास पूर्ण अंधार आहे, नेपथ्यातली खाट त्यातच बदलतात. त्या काळोखात चित्रीकरण थांबवून लगेच पुन्हा सुरू करायचं. शक्य असेल तर तिथेच बॅटरीही बदलायची. यात एक खोच आहे. या कॅमेऱ्यांचं बॅटरीचं झाकण तळाला असतं आणि ट्रायपॉडची प्लेट त्याच्यावरच येते. म्हणून प्रयोगाच्या आधी प्लेट झाकणापासून बाजूला सरकवून बसवता येते का, ते घरी करून बघायचं. नाहीतर अंधारात स्क्रू फिरवत बसावं लागतं आणि पुढचा प्रवेश हुकतो.

आवाजासाठी कॅमेऱ्यावर अवलंबून राहायचंच नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. मागच्या रांगेतल्या कॅमेऱ्याला संवादाआधी शेजारच्याचा खोकला ऐकू येतो. छोट्या नाट्यगृहात नटांना माइक नसतात, त्यामुळे साउंडवाल्याकडून जोडणी घेतली तरी फक्त पार्श्वसंगीत मिळणार. रंगमंचाच्या कडेला, पुढच्या काठावर एक रेकॉर्डर ठेवायचा, सुरुवातीला टाळी वाजवायची आणि ती टाळी पकडून दोन्ही फायली जुळवायच्या. रेकॉर्डर नसेल तर एअरप्लेन मोडवरचा फोनही चालतो. एकदा हे ठरल्यावर कॅमेऱ्याला माइकची खाच असण्याचं महत्त्व संपलं, आणि झेडव्ही-१ ची मोठी जमेची बाजूही त्याबरोबर गेली.

निवड

व्ह्यूफाइंडरचा मुद्दा भाचीला पटला तो सुदर्शनला दुसऱ्याच कोणाच्या प्रयोगाला प्रेक्षक म्हणून बसल्यावर. पुढे कोणीतरी फोन उंच धरून चित्रीकरण करत होतं. तिचा रात्री निरोप आला: "अख्खा शेवटचा प्रवेश मी त्या पडद्यातच बघितला." काळ्या नाट्यगृहात तीन इंचाचा पडदा मागच्या चार रांगांना दिसतो. नाटक बघायला आलेल्या माणसाचा अंधार हा त्याच्या तिकिटाचा भाग आहे, आणि तो मोडायचा हक्क फोटो काढणाऱ्याला नाही, असं मला मनापासून वाटतं. आरएक्स१०० मालिकेत मार्क ३ पासून व्ह्यूफाइंडर कोपऱ्यातून वर येतो. डोळ्याला लावला की मागचा पडदा विझतो.

मग उरले त्याच मालिकेतले दोन: मार्क ३ आणि मार्क ५ए. दोघांची लेन्स एफ १.८ ते २.८, बॅटरी तीच. ५ए मध्ये फेज डिटेक्शन फोकस आहे, म्हणून मंद उजेडात तो कमी चाचपडतो. ४के ही आहे. मार्क ३ कॉन्ट्रास्ट बघून फोकस करतो, म्हणजे जिथे उजेड कमी तिथे लेन्स पुढेमागे करत शोधत बसतो.

माझं मत ५ए कडे होतं. भाचीचं म्हणणं वेगळं. चित्रीकरणात फोकसचा वेग लागतोच कुठे? यावर तिने मला गणित करायला लावलं. या सेन्सरवर ७० मिलिमीटर, एफ २.८ आणि फोकस पंधरा मीटरवर ठेवला तर साधारण नऊ मीटरपासून पन्नासएक मीटरपर्यंत सगळं स्पष्ट राहतं. पूर्ण रंगमंच त्यात आला. एकदा हाताने फोकस लावून सोडून द्यायचा. लहान सेन्सर अंधारात मार खातो, पण इथे तोच मदतीला येतो. मोठ्या सेन्सरवर एवढी खोली मिळायला लेन्स बरीच मिटावी लागली असती. आणि मार्क ३ घेतला तर उरलेल्या पैशात बरा ट्रायपॉड, दोन जादा बॅटऱ्या, कार्ड आणि एक छोटा रेकॉर्डर बसत होता. ५ए घेतला तर ट्रायपॉड कोणाकडून तरी मागून आणावा लागणार होता.

मार्क ३ ठरला. फोटोंसाठी ५ए उजवा आहे हे माझं मत आजही कायम आहे. पण कॅमेरा गटाचा, पैसे गटाचे, आणि ट्रायपॉडशिवाय पंचावन्न मिनिटं कॅमेरा कोण हातात धरून बसणार?

दुकानात

वापरलेला कॅमेरा बुधवार पेठेतल्या एका दुकानात बघितला. दुकानदार काका सज्जन होते, तपासायला हवा तेवढा वेळ दिला. लेन्स न निघणारा कॅमेरा घेताना काय बघायचं ते इथे सविस्तर देते, कारण सेन्सरवर धूळ गेली तर घरी साफ करता येत नाही, पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो.

पहिल्यांदा पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ ११ वर, जरा धूसर फोकसमध्ये. मोठा करून कोपरे फिरायचे. पहिल्या कॅमेऱ्यात वरच्या डाव्या कोपऱ्यात राखाडी ठिपका निघाला, तो परत केला. दुसऱ्यात भिंत स्वच्छ. मग लेन्सवर हात झाकून आयएसओ ३२०० ला एक सेकंदाचा फोटो. काळ्यात चमकणारे लाल-निळे ठिपके मोजायचे, एखाददुसरा चालतो, चांदणं पडलेलं चालत नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का बघायचं. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास सापडते. झूम आतबाहेर करताना कुरकुर येते का, व्ह्यूफाइंडर झटक्यात वर येतो का. मार्क ३ मध्ये तो वर आल्यावर डोळ्याचा भाग बोटाने ओढून बाहेर काढावा लागतो. तो नीट ओढला नसेल तर चित्र धूसर दिसतं आणि माणूस उगाच यंत्राला दोष देतो. शेवटी चहा येईपर्यंत चित्रीकरण चालू ठेवलं, कॅमेरा गरम होतो की भाजतो ते कळावं म्हणून. बॅटरी फुगलेली होती. काकांनी कुरकुर न करता किंमत कमी केली.

कार्ड घेतानाही एक नियम पाळावा लागला. मार्क ३ मध्ये चांगल्या दर्जाचा एक्सएव्हीसी एस व्हिडिओ घ्यायचा तर एसडीएक्ससी कार्डच लागतं, म्हणजे ६४ जीबी किंवा मोठं. जुनं ३२ चं कार्ड घातलं की तो पर्याय मिळत नाही.

वापरताना

पहिल्या रंगीत तालमीला कॅमेऱ्यातल्या तीन गोष्टी बंद केल्या: बीप, फ्लॅश आणि फोकससाठी लागणारा नारिंगी दिवा. तो दिवा विसरला तर ऐन स्वगतात नटाच्या छातीवर ठिपका उमटतो.

व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवला नाही. हॅलोजन मंद केला की तो तांबूस होत जातो, त्यात निळा प्रकाश फारच थोडा उरतो. कॅमेरा पांढरा रंग पांढरा दाखवायला निळा भाग ओढून वाढवतो, आणि त्याबरोबर नॉइजही वाढते, सावल्यांत जांभळट डाग दिसतात. ३२०० केल्विनच्या आसपास पक्कं ठेवलं की मंद झोत तांबूसच राहतो, आणि प्रकाशयोजनेला तोच रंग हवा होता. उलट एका प्रवेशात निळ्या एलईडीचा भडिमार आहे. तिथे चेहऱ्यावरचा एक निळा रंगच भरून वाहतो आणि गाल सपाट निळा ठिपका होतो, जरी एकूण फोटो काळोखा वाटत असला तरी. त्या प्रवेशात एक पूर्ण पायरी कमी करायची, म्हणजे उजेड निम्मा घ्यायचा, हे संहितेच्या समासात लाल पेनाने लिहिलं आहे.

फोकसचं अपेक्षेप्रमाणे झालं. उजळ प्रवेशांत काहीच त्रास नाही. मंद प्रवेशात मार्क ३ चाचपडतो. गटातल्या मुलीने त्यावर छान युक्ती बसवली. फोकसची चौकट चेहऱ्यावर न धरता कुडत्याच्या गळ्याच्या काठावर धरायची, जिथे पांढरं आणि काळं एकमेकांना भिडतं. तिथे कॅमेऱ्याला लगेच पकडता येतं आणि अंतर चेहऱ्याइतकंच असतं. आणि नट संवाद संपवून क्षणभर थांबतो तेव्हा बटण दाबायचं. तो थांबा कधी येतो हे तालमी बघितलेल्या माणसालाच माहीत असतं. बाहेरून आलेला माझ्यासारखा फोटोग्राफर तिथे गटातल्या मुलीच्या मागेच राहतो.

मंद प्रवेशाचे फोटो ७० ला आयएसओ १२,००० मागत होते, हिशोबात होतं तसंच. मग झूम करायचंच नाही, पुढे सरकून २४ वर, एफ १.८ ला काढायचं ठरलं. त्याने आयएसओ ५००० वर आला आणि नटासोबत काळी पोकळीही चौकटीत आली. पोस्टरला शेवटी तोच फोटो लागला, वरच्या काळ्या भागात नाटकाचं नाव.

राहिला कंदिलाचा प्रवेश. तिथे उजेड मंद प्रवेशाच्याही चौथ्या हिश्शाच्या आसपास. एफ १.८ ला सुद्धा आयएसओ २०,००० लागला असता, आणि या कॅमेऱ्याची साधी मर्यादा १२,८०० ची. भाचीने विचारलं, "मग यासाठी पुढच्या वर्षी मोठा कॅमेरा घ्यायचा का?" मी तिला प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाकडे पाठवलं. आता रंगीत तालीम संपली की तो प्रवेश फक्त फोटोंसाठी पुन्हा करतात. कंदील तोच, जागा तीच, वर एका बाजूने तांबूस फिल्टर लावलेला एक हॅलोजन, फेडर कंदिलाची दिशा मोडणार नाही इतकाच वर. दोन पायऱ्या उजेड वाढतो आणि आयएसओ ५००० ला काम होतं. प्रयोगाच्या चित्रीकरणात तो प्रवेश अंधाराच राहतो. महोत्सवाला पाठवायच्या फाइलसोबत भाची त्या प्रवेशाचे दोन फोटो जोडते.